माणूस दिसला की सुसाट पळणारा लॅब: पट्टा काढण्याआधी काय शिकवायचं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका घरात 11 महिन्यांचा लॅब्रॅडॉर नर आहे, नसबंदी झालेली नाही, वजन साधारण 28 किलो. तो चावत नाही, गुरगुरत नाही. पण सकाळी टेकडीवर पट्टा काढला की दिसेल त्या माणसाकडे आणि कुत्र्याकडे धावत सुटतो, अंगावर उड्या मारतो आणि कितीही हाका मारल्या तरी वळून बघत नाही. घरात मात्र 'ये' म्हटलं की लगेच येतो. घरचे विचारतात, "स्वभावाने प्रेमळ आहे, तरी लोक घाबरतात. त्याला मोकळं फिरवता येईल असं कसं शिकवायचं?"

शिकवता येईल. रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं दिलीत, तर दोन-तीन महिन्यांत चांगला फरक दिसेल. मात्र आजपासून टेकडीवर पट्टा काढणं पूर्ण बंद करा. हे पहिलं पाऊल टाळलंत तर पुढचं काहीच टिकणार नाही. कारण असं की प्रत्येक वेळी तो पळतो, कुणाला तरी भेटतो, लाड करून घेतो, तेव्हा पळण्याचं बक्षीस त्याला तिथल्या तिथे मिळतं. ते तुम्ही दिलेलं नसतं आणि तुम्हाला ते थांबवताही येत नाही. सकाळी घरात वीस वेळा नीट आलेला कुत्रा संध्याकाळी एकदा पळून दहा मिनिटं मजा करून आला, की सकाळचं शिकणं बरंचसं पुसलं जातं.

तो मुद्दाम ऐकत नाही, असं समजू नका. 8 ते 18 महिने हे कुत्र्याचं वयात येण्याचं वय. पिल्लू असताना तो तुमच्या पायापायात असायचा, आता बाहेरचं जग त्याला ओढतं. त्यात लॅब ही शिकाऱ्याने पाडलेला पक्षी उचलून आणून देण्यासाठी तयार केलेली जात. अनोळखी माणसांत, इतर कुत्र्यांत मिसळणं तिच्या रक्तात आहे. शिवाय तुमच्या हाकेचा बाहेर काय अर्थ झालाय ते त्याच्या बाजूने बघा. टेकडीवर तुम्ही 'ये' कधी म्हणता? पट्टा लावून घरी न्यायचं असतं तेव्हा. म्हणजे 'ये' ऐकलं की मजा संपते. उरलेल्या वेळी 'ये, ये, अरे ये ना' असं दहा वेळा ऐकूनही काहीच घडत नाही. आणि उशिरा का होईना तो आल्यावर ओरडा बसत असेल, तर त्याच्या लेखी तो ओरडा पळाल्याबद्दल नाही, आल्याबद्दल बसतो. कुत्रा शेवटच्या क्षणाला केलेल्या गोष्टीशी परिणाम जोडतो.

दोरी आणि हार्नेस

पुढचे दोन-तीन महिने त्याचं मोकळेपण म्हणजे 10 मीटर लांबीची दोरी. गुंडाळी असलेला, बटण दाबून लांब-आखूड होणारा पट्टा या कामाला घेऊ नका. तो सतत थोडा ताणलेला असतो, त्यामुळे ताणात चालायचं हेच कुत्रा शिकतो. त्याची बारीक दोरी माणसाच्या पोटरीला कापते आणि मूठ हातातून सुटली तर ती खडखडत मागे येते म्हणून कुत्रा आणखी जोरात पळतो.

सपाट नायलॉनची 15 ते 20 मिलिमीटर रुंद पट्टी चालते. बायोथेनची, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाची, मिळाली तर उत्तम, कारण ती चिखल धरत नाही आणि पावसाळ्यात ओली होऊन जड होत नाही. सुती दोर पाणी पितो, तो नको. टोकाची कडी पितळी किंवा स्टीलची घ्या. स्वस्त मिश्रधातूच्या कड्या 28 किलोच्या झटक्याने तुटतात. दुसऱ्या टोकाला हातात घालायचा फास असेल तर कापून टाका. पुढे दोरी जमिनीवर सोडायची वेळ येते, तेव्हा तो फास घाणेरीच्या झुडपात किंवा गिरिपुष्पाच्या बुंध्याला अडकतो. सुट्या टोकापासून 2 मीटर आणि 5 मीटरवर एकेक गाठ मारा. दोरी हातातून सरकताना किती उरली हे बघावं लागत नाही, गाठ बोटांना लागते.

ही दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीही लावू नका. दहा मीटर धावून आलेल्या कुत्र्याला मानेला झटका बसला तर मणक्याला आणि श्वासनलिकेला इजा होऊ शकते. वाय आकाराचं हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवर बसणारा पट्ट्यांचा साज घ्या, ज्याची पट्टी छातीच्या हाडावरून खाली जाते आणि खांद्याचे सांधे मोकळे राहतात. दोरी पाठीवरच्या कडीला लावायची. छातीवर आडवी पट्टी असलेली हार्नेस दुकानात सर्रास मिळतात, पण पुढच्या पायांची हालचाल त्यात अडते.

हातात दोरी वेटोळी करून मनगटाला गुंडाळायची नाही. तळहातावर मोकळ्या घड्या घालून धरा आणि सुरुवातीला कामाचे हातमोजे घाला. कुत्रा सुटला की दोरी एकदम आवळू नका. दोन-तीन पावलं त्याच्या दिशेने जात बोटांनी हळूहळू ब्रेक लावा, म्हणजे टोकाला झटका बसत नाही. दोरीचं काम फक्त एवढंच की चुकीच्या गोष्टीचं बक्षीस त्याला मिळू नये. ओढून आणणं हे तिचं काम नाही.

खाऊ किती, कोणता

बाहेरच्या कामाला कोरडे दाणे पुरत नाहीत. घरात ते चालतील, टेकडीवर माणसं आणि कुत्री यांच्याशी स्पर्धा आहे. बिनहाडाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन सगळ्यात सोयीचं. तुकडा वाटाण्याएवढा, म्हणजे साधारण एक ग्रॅमचा. दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको, आणि एवढ्या लॅबसाठी ते 80-90 ग्रॅम चिकन होतं. म्हणजे रोज ऐंशीएक तुकडे हातात आहेत, भरपूर झाले. तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. लॅब फार लवकर जाड होतात आणि वाढत्या वयात जादा वजन सांध्यांना महाग पडतं. शाकाहारी घरात पनीर चालतं, पण त्यात स्निग्धांश जास्त, तेव्हा 50 ग्रॅमवर थांबा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली बिनसाखरेची बिस्किटं कुत्र्याला विषारी आहेत. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

जेवणानंतर लगेच सराव नको. भूक थोडी असावी, उपाशी ठेवायचं नाही.

नवीन इशारा

'ये' हा शब्द बाहेरच्यापुरता वाया गेलेला आहे. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीन इशारा घ्या. या कुत्र्यासाठी शिट्टी सुचवेन. शिट्टीत राग, घाई, भीती उमटत नाही. ती आईने वाजवली काय आणि आजोबांनी वाजवली काय, सारखीच ऐकू येते, आणि वाऱ्यातही लांब पोचते. ठरावीक स्वराची प्लास्टिकची शिट्टी घ्या. अॅक्मी कंपनीची 211.5 ही लॅबसाठी पुष्कळ जण वापरतात. आत गोळी असलेली, हवालदारी थाटाची शिट्टी नको, कारण सोसायटीचे वॉचमन गाड्या लावताना तीच वाजवत असतात. दिवसातून चाळीस वेळा तो आवाज फुकट ऐकू आला की त्याचा अर्थ उरत नाही. वाजवण्याची पद्धत एकच ठरवा, तीन छोट्या फुंका, आणि घरातल्या प्रत्येकाला तीच शिकवा. शिट्टी घरी विसरेल त्या दिवसासाठी एक शब्दही असू द्या, उदाहरणार्थ 'इकडेऽ', शेवटचा स्वर लांबवून. एक 'कम' म्हणतो, दुसरा 'चल', तिसरा नावाने हाक मारतो, असं नको. नाव म्हणजे फक्त 'माझ्याकडे लक्ष दे'. यायचं म्हणजे शिट्टी.

पहिले पाच-सात दिवस फक्त घरात. कुत्रा तुमच्यापासून दोन हातांवर, दुसरं काही चाललेलं नाही. तीन फुंका, आणि लगेच चिकनचे पाच तुकडे एकामागून एक, दहा-बारा सेकंदांत. सगळे एकदम दिले तर तो गिळून निघून जाईल. एकेक दिल्याने तुमच्याजवळ थांबणं हाही बक्षिसाचा भाग होतो. हे दिवसात आठ-दहा वेळा, विखरून. या टप्प्यात त्याने काही करायचंच नाही, आवाज आणि चिकन यांची गाठ पक्की होऊ द्यायची. आठवड्याच्या शेवटी शिट्टी ऐकून त्याची मान झटकन वळायला हवी. वळत नसेल तर आणखी चार दिवस.

मग दुसऱ्या खोलीतून. मग जिन्यात, गच्चीवर, रिकाम्या पार्किंगमध्ये दोरी लावून. मग रिकामं मैदान, आधी 3 मीटर, मग 5, मग 10. मग लांब उभा असलेला एक माणूस, 50 मीटरवर. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. अंतर वाढवलं तर आजूबाजूची ओढ कमी ठेवा, माणसं वाढली तर अंतर कमी करा. पुढे कधी जायचं? दहापैकी आठ वेळा पहिल्याच शिट्टीला आला, तर पुढे. सलग दोनदा चुकला, तर मागच्या पायरीवर. रोजचा हिशेब मोबाइलमध्ये लिहा. डोक्यात ठेवलेला हिशेब नेहमी आपल्या बाजूने झुकतो.

शिट्टी एकदाच वाजवायची. दोन सेकंदात वळला नाही तर पुन्हा वाजवू नका. टाळी वाजवत उलट दिशेला पळा. पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याला आवडतं, ती ओढ इथे तुमच्या कामी येते. तरीही नाही आला, तर दोरी हाताखालून गोळा करत शांतपणे त्याच्यापर्यंत जा, लक्ष तुमच्याकडे वळवा, दोन पावलं मागे चालत न्या आणि एक साधा तुकडा द्या. ओरडायचं नाही. तो चुकला कारण पायरी अवघड होती, पुढची वेळ सोपी करा.

पुष्कळ लॅब धावत येतात आणि एक मीटरवर थांबून इकडून तिकडे उड्या मारतात, हाताला लागत नाहीत. हात आला की पट्टा लागणार, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून क्रम ठरवा: तो आला, तुम्ही हार्नेसला हात घातला, हात तिथेच असताना खाऊ दिला, मग 'जा' म्हणून सोडला. हात आधी, खाऊ नंतर. उलटं केलंत तर तो खाऊ घेऊन सटकायला शिकतो. आणि दहापैकी नऊ वेळा बोलावल्यानंतर त्याला पुन्हा मोकळं करा. घरी जायच्या वेळी शिट्टी वाजवूच नका, चालत त्याच्याजवळ जा.

माणसांना भेटणं

तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत खरं काम इथे आहे, आणि बहुतेक लोक ते सोडून फक्त बोलावण्याचा सराव करतात. त्याला जगातली सगळ्यात आवडती गोष्ट चिकन नाही, माणसं आहेत. तेव्हा माणसं हेच त्याचं वेतन बनवायचं. आत्ता तो ते चोरून घेतो. पुढे ते तुमच्यामार्फत, तुमच्या परवानगीने मिळालं पाहिजे.

मैदानाच्या कडेला उभे राहा. समोरून माणसं जातायत, पण इतक्या लांबून की कुत्रा बघतो आणि तरीही तुमच्या हातून खाऊ घेऊ शकतो. हे अंतर 40 मीटर असेल किंवा 80. खाऊ तोंडाशी नेऊनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. काहीही बोलू नका. त्याने माणसाकडे बघितलं, बघितलं, आणि स्वतःहून तुमच्याकडे मान वळवली, की त्या क्षणी 'हां!' म्हणा आणि तुकडा द्या. 'हां' हा शब्द नेहमी एकाच सुरात, आणि त्यामागे खाऊ नक्की यायला हवा. पहिल्या दिवशी मान वळायला पाऊण मिनिट लागेल. आठवडाभराने माणूस दिसला की तो आपण होऊन तुमच्याकडे बघेल. आता माणूस दिसणं हाच 'मालकाकडे बघ' असा इशारा झाला. हे साधल्याशिवाय अंतर कमी करू नका.

पुढच्या टप्प्यात ओळखीची दोन-तीन माणसं मदतीला घ्या. त्यांना आधी नीट समजावून सांगा: उभं राहायचं, वाकायचं नाही, बोलायचं नाही. कुत्रा 5 मीटरवर येऊन तुमच्याकडे बघतो, दोरी सैल आहे, तेव्हा तुम्ही म्हणता 'भेट', आणि त्याला जाऊ देता. चारही पाय जमिनीवर असतील तोवर त्या माणसाने हळू आवाजात बोलायचं, छातीवर खाजवायचं, डोक्यावर थोपटायचं नाही. पुढचे पाय सुटले की त्याने गप्प होऊन पाठ फिरवायची. हातांनी ढकलायचं नाही. लॅबला ढकलणं म्हणजे कुस्तीचं आमंत्रण. तीन सेकंद झाले की तुम्ही शिट्टी वाजवायची, तो आला की खाऊ द्यायचा, आणि लगेच पुन्हा 'भेट'. त्याला कळतं की मालकाकडे गेल्याने माणूस हातचा जात नाही, उलट मालकाकडे गेलं की माणूस परत मिळतो. ज्या कुत्र्यांना चिकनची पर्वा नसते तीही यातून शिकतात. कमी आवडीचं काम केल्यावर जास्त आवडीचं करू द्यायचं, या तत्त्वाला डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात.

पण दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला भेटू देऊ नका. पाचांपैकी एकालाच, तेही त्या माणसाला विचारून. बाकी चौघांसाठी 'हां', खाऊ, आणि पुढे चालायचं. 'भेट' ऐकू आलं नाही तर हा माणूस आपला नाही, हे त्याला पक्कं बसलं पाहिजे. वाटेत "असू दे हो, मला कुत्री आवडतात" म्हणत उड्या मारणाऱ्या कुत्र्याला मिठीत घेणारे काका-काकू भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण सरावाचं नुकसान सगळ्यात जास्त तेच करतात. त्यांना हसून सांगा, "शिकवतोय त्याला. चारही पाय टेकले की मगच हात लावा." ऐकत नसतील तर कुत्र्याला घेऊन वळा.

इतर कुत्री

माणूस बहुधा नुसता घाबरतो, कुत्रा मात्र उत्तर देतो. समोरासमोर, नाकाच्या रेषेत, सुसाट धावत येणं हा कुत्र्यांच्या भाषेत उद्धटपणा आहे. शहाणी मोठी कुत्री वळसा घेऊन, जमीन हुंगत, नजर चुकवत एकमेकांजवळ येतात. तुमचा लॅब प्रेमानेच धावतो, पण टेकडीवरच्या भटक्या टोळीला तो त्यांच्या हद्दीत घुसलेला तगडा नर दिसतो. म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांशी ओळख करून देण्याचा प्रयोग मोकळ्या कुत्र्याने करू नका. त्यांच्यासाठीही तोच खेळ: लांबून बघ, माझ्याकडे वळ, खाऊ घे, पुढे चल.

ओळखीच्या, स्वभावाने शांत, दोन वर्षांहून मोठ्या कुत्र्याबरोबर खेळू द्या, दोघांच्या दोऱ्या सैल ठेवून. दोरी ताणली की कुत्र्याची छाती उचलली जाते, मान ताठ होते, आणि समोरच्याला ती धमकी वाटते. खेळ चांगला चालला असेल तर दोघं आळीपाळीने मागे लागतात, पुढचे पाय खाली टाकून वाकतात, अंग सैल असतं. शेपूट ताठ वर, तोंड मिटलेलं, अंग गोठलेलं, एकाने दुसऱ्याच्या पाठीवर मान ठेवलेली, असं दिसलं तर बोलवा. भांडण जुंपल्यावर बोलावून काही होत नाही. दर अर्ध्या मिनिटाने खेळ रंगात असतानाच बोलावून, खाऊ देऊन, परत खेळायला सोडायचं. सुरुवातीला हे जमणार नाही, तेव्हा दोरी हातात हवी.

भटकी टोळी भुंकत आली तर पळू नका, दगड उचलू नका, किंचाळू नका. दोरी आखूड करा, कुत्र्याला तुमच्या दुसऱ्या बाजूला घ्या आणि तिरके चालत निघून जा. रेबीजची वार्षिक लस चुकली असेल तर सरावाआधी ती द्या. तुमच्या कुत्र्याला कुणी चावलं तर जखम धुऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे, लस झालेली असली तरीही. माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि लगेच रुग्णालयात जायचं.

दोरी कधी सोडायची

तीन वेगवेगळ्या जागी, माणसं आणि कुत्री नजरेत असताना, दोरीवर 20 वेळा बोलावून 18 वेळा पहिल्या शिट्टीला आला, तर दोरी हातातून जमिनीवर सोडा. काढू नका. 10 मीटर दोरी मागे घसरत राहील आणि गरज पडली तर तिच्या टोकावर पाय देता येईल. हे फक्त रिकाम्या जागी करा, सकाळच्या गर्दीत ती दोरी ज्येष्ठांच्या पायात येते. दोन आठवडे ठीक गेले की दोरी 5 मीटर, मग 2, मग एक वीतभर तुकडा. पहिल्यांदा पूर्ण मोकळं सोडायचं ते चहूबाजूंनी बंद जागेत: कुंपण असलेलं शेत, परवानगी घेऊन शाळेचं मैदान, तासावर मिळणारा डॉग पार्क. गाडीतून उतरताक्षणी नाही. आधी पंधरा मिनिटं दोरीवर हुंगू द्या, वाफ जाऊ द्या, मग पाच मिनिटं मोकळं सोडून पुन्हा दोरी.

मोकळा असताना सतत बोलावत राहू नका. न सांगता दिशा बदला, झाडामागे लपा. आपण होऊन तुमच्याकडे बघेल किंवा जवळून जाईल, त्याचा दर वेळी तुकडा द्या. कुत्र्याने तुमच्यावर लक्ष ठेवायचं, तुम्ही कुत्र्यावर नाही, अशी सवय यातून लागते. लॅबला उचलून आणायची उपजत आवड असते, तिचाही उपयोग करा. दोन सारखे चेंडू ठेवा. एक आणला की दुसरा उलट दिशेला फेकायचा, म्हणजे येण्यालाच बक्षीस मिळतं. चेंडू 7 सेंटिमीटरहून मोठा आणि रबरी असावा. टेनिसचा चेंडू मोठ्या लॅबच्या घशात अडकू शकतो आणि त्याचं खरखरीत कापड दात झिजवतं.

काही जागा कायमच्या दोरीच्या. रस्ता, सोसायटीचं आवार, मुलं खेळतात ती बाग, गर्दीच्या वेळची टेकडी. वनखात्याच्या जागेत मोर आणि ससे आहेत, तिथे कितीही शिकलेला कुत्रा दोरीवरच हवा, आणि फाटकावरच्या पाटीवर कुत्र्यांना मनाई असेल तर न्यायचाच नाही. सुट्टीत कोकणात नेत असाल तर वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि कुत्री ती घरटी उकरतात. तिथेही दोरी. कायदाही लक्षात असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, पाळलेल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे, शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 28 किलोचा कुत्रा छातीवर आदळून सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडू शकतं. कुत्रा किती प्रेमळ होता, याने ते हाड जुळत नाही.

मध्येच बिघडतं तेव्हा

साधारण 12 ते 16 महिन्यांच्या दरम्यान नीट येणारा कुत्रा अचानक ऐकेनासा होतो. घाबरू नका, दोन पायऱ्या मागे जा आणि दोरी परत लावा. नर असल्याने आसपास माजावर आलेली मादी असेल तर ते दोन-तीन आठवडे मोकळं सोडणं विसराच. नसबंदीविषयी पशुवैद्याशी बोला. तिने भटकणं कमी होऊ शकतं, पण माणसांवर उड्या मारणं नसबंदीने थांबत नाही. मान हलवत असेल, कान खाजवत असेल तर कान तपासून घ्या. लॅबना कानाचा संसर्ग फार होतो, आणि कधी कधी 'ऐकत नाही' मागे दुखणं असतं. गोचीडतापात कुत्रा मलूल होतो, तेव्हाही सराव नको. मार्च ते मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा. जीभ लांब, रुंद बाहेर आली, लाळ घट्ट झाली, सावली शोधू लागला की थांबा आणि पाणी द्या.

खाऊ पहिल्या महिन्यात बंद करायची घाई सगळ्यात जास्त नडते. तो येऊ लागला म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या हाताने फिरू लागतात आणि पाचव्या आठवड्यात येणं थांबतं. शिट्टीला दर वेळी काहीतरी मिळालंच पाहिजे, किमान वर्षभर. काय मिळणार ते बदलत ठेवा: कधी एक तुकडा, कधी सात, कधी चेंडू, कधी 'भेट'.

विजेचा झटका देणारा पट्टा कुणी सुचवला तर घेऊ नका. तुमच्या कुत्र्यासाठी तो विशेष वाईट. तो लहान मुलाकडे आनंदाने धावत असताना झटका बसला, तर कुत्रा तो झटका तुमच्या बटणाशी जोडत नाही, त्या मुलाशी जोडतो. अशाने माणसांवर प्रेम करणारा कुत्रा माणसं जवळ आली की गुरगुरायला लागू शकतो, आणि ते उलटं फिरवणं फार कठीण.

आणि चुकून सुटलाच, तर पाठलाग करू नका. नाव पुन्हा पुन्हा ओरडू नका. शिट्टी एकदा वाजवा, तोंड फिरवून उलट दिशेला पळा, मग खाली बसा, जमिनीवर काहीतरी सापडल्यासारखं हाताने उकरा. बहुतेक लॅबना हे सहन होत नाही, ते बघायला येतात. ज्या माणसाकडे तो गेलाय त्याला ओरडून सांगा, "हात लावू नका, पाठ फिरवा." बक्षीस संपलं की तो मोकळा होतो. आल्यावर कितीही राग आला तरी हार्नेस धरून खिशातलं सगळं चिकन द्या. पुढचे दहा दिवस पुन्हा 10 मीटरची दोरी.